वजन खरं सांगा

पहाटे ५.५०

गजर सहाचा लावलेला असतो, पण त्याआधी कोथरूड उठवतं. हिवाळ्यात पुण्याचं घड्याळ कॅल्गरीच्या साडेबारा तास पुढे. माझ्याकडे किट्ट अंधार असतो तेव्हा तिकडे ऑफिसातून आलेला माणूस चहाचा कप घेऊन बसलेला असतो आणि त्याला आठवतं, की फेब्रुवारीतल्या ट्रिपचं ताईंना विचारायचं राहिलं. "ताई, एक मिनिट आहे का?" हे मिनिट पंचवीस मिनिटांचं असतं, हे मला पाठ झालंय. मी फोन कानाला लावूनच चहाचं आधण ठेवते.

माझा उद्योग असा, की एका छोट्या ट्रॅव्हल कंपनीत बसून लोकांच्या स्कीइंगच्या सुट्ट्या आखायच्या. जागा बहुतेक वेळा एकच, बॅन्फ नॅशनल पार्क. कोथरूडचं हे कुटुंब सहा जणांचं: काका अडुसष्ट, काकू चौसष्ट, मुलगा, सून, अकरा वर्षांचा नातू आणि जानेवारीत सहाची होणारी नात. व्हिसे हातात आलेत ही निम्मी लढाई. तोवर मी कुणालाही पैसे परत न मिळणारं बुकिंग करू देत नाही.

मुलाने यादी पाठवलीय. लेक लुईस, सनशाइन, नॉर्क्वे, जॅस्पर, कोलंबिया आइसफील्ड, अस्वल, आणि "जमलं तर नायगारा". आठ दिवसांत. मी एकेक खोडत जाते. नायगारा इथून विमानाने टोरांटोपर्यंत चार तास आणि पुढे गाडी. जॅस्परचा रस्ता लेक लुईसपासून सव्वादोनशे किलोमीटरच्या वर. हिवाळ्यात वाटेत पेट्रोल मिळत नाही, बहुतेक भागात फोनला रेंज नसते, आणि बर्फाचे टायर तर त्या रस्त्यावर कायद्यानेच लागतात. आइसफील्डवर नेणाऱ्या मोठ्या चाकांच्या बसगाड्या ऑक्टोबरातच बंद होतात. अस्वलं झोपलेली असतात.

"मग उरलं काय?"

"स्कीइंग," मी म्हणते.

पलीकडे जरा शांतता पसरते. मग तारखांवर घासाघीस. फेब्रुवारीचा तिसरा सोमवार म्हणजे इथला फॅमिली डे, आणि त्याच सोमवारी अमेरिकेतही सुट्टी. त्या शनिवार-रविवारला धरून खोल्यांचे भाव असे चढतात की आकडा वाचून दाखवायला मला संकोच वाटतो. पण मार्चमध्ये नातवाची परीक्षा, त्यामुळे त्यांना फार पुढेही सरकता येत नाही. शेवटी त्या सोमवारनंतरच्या मंगळवारी उतरायचं ठरतं. एवढ्या एका फेरबदलात त्यांचा विमानभाड्याच्या जवळपास जाईल इतका पैसा वाचणार आहे, पण त्याचं श्रेय मला कुणी देणार नाही.

"आणि ताई, छोटीचं लिफ्टचं तिकीट? पाच वर्षांपर्यंत फुकट असतं ना? आम्ही पाचच सांगितलं तर?"

"सांगा. पण ती स्वतःच सांगेल की सहा पूर्ण झाली म्हणून."

तो हसतो. फोन ठेवता ठेवता मी विचारते, काकूंचा फॉर्म रिकामा का? वजन, उंची, पायाचं माप, काहीच नाही. "आई काही करणार नाही हो. ती हॉटेलात बसेल, खिडकीतून बर्फ बघेल. तिला तेवढं पुरे." मी वहीत लिहिते: काकू – नाही.

सकाळी ७.१०

आज मंगळवार, नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा. हिवाळ्यात दोनदा मी स्वतः बॅन्फला फेरी मारते, खोल्या आणि दुकानं डोळ्यांनी बघून येते. बाहेर उणे चौदा. रात्रभर गाडीच्या इंजिनचा हीटर प्लगला लावून ठेवलेला, त्याची वायर काढायला विसरले की ती गाडीबरोबर फरफटत येते. दर हिवाळ्यात एकदा विसरतेच.

तीन दिवसांपूर्वी याच शहरात अधिक नऊ होतं. शिनूक आला होता. डोंगर ओलांडून पश्चिमेकडून उतरणारा हा वारा. पलीकडच्या उतारावर ओल टाकून येतो आणि खाली घसरताना तापत जातो. एका दुपारीत अंगणातला बर्फ गायब. त्या दिवशी कोथरूडहून कॅल्गरीचा फोटो आला, खाली लाल अक्षरांत प्रश्नचिन्हं: "बर्फच नाही???" हे दरवर्षीचं. कॅल्गरीतला बर्फ बघून डोंगरावरच्या सनशाइन रिसॉर्टचा अंदाज बांधणं म्हणजे पुण्यातलं आभाळ बघून महाबळेश्वरचा पाऊस सांगण्यासारखं आहे. शहर हजार-अकराशे मीटरवर, सनशाइनचं गाव २,१६० मीटरवर.

कॅनमोर येईस्तोवर उजाडतं. १९७९ पर्यंत इथे कोळशाच्या खाणी होत्या. त्या बंद पडल्या आणि नऊ वर्षांनी, १९८८ च्या कॅल्गरी हिवाळी ऑलिंपिकच्या क्रॉस-कंट्री शर्यती इथे झाल्या. डोंगरउतारावरच्या शर्यती नाकिस्काला. दोन्ही जागा पार्कच्या हद्दीबाहेरच्या. पार्कच्या आत जगातले उत्तम उतार असताना बाहेर का, असं मला पहिल्या वर्षी वाटायचं. मग कळलं, त्याआधी १९७२ च्या ऑलिंपिकसाठी खुद्द बॅन्फने अर्ज केला होता. राष्ट्रीय उद्यानात असला पसारा नको म्हणून वन्यजीवप्रेमींनी जोरदार विरोध केला, आणि मान जपानच्या सप्पोरोला गेला. माझ्या धंद्यातल्या निम्म्या अडचणींचं मूळ या एका वाक्यात आहे: असला पसारा नको. त्या अडचणींवर माझं पोट चालतं, म्हणून मी तक्रार करत नाही.

सकाळी ८.३५

पार्कचं पूर्वेचं नाकं. वर्षाचा पास असलेल्यांना उजवीकडून थेट जाता येतं. बाकीचे खिडकीशी थांबतात. सतरा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्रवेश फुकट, आणि एका गाडीत सात जणांपर्यंत एकच कौटुंबिक पास चालतो. कोथरूडचे सहा म्हणजे एकाच गाडीत बसवले की काम झालं. सामानासाठी गाडी मात्र मोठी हवी. पुण्याहून येणारं कुटुंब चकल्यांच्या डब्याशिवाय येत नाही.

१८८३ मध्ये कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेच्या तीन कामगारांना इथे गरम पाण्याचे झरे असलेली गुहा सापडली. मालकी कुणाची यावरून भांडणं लागली आणि १८८५ मध्ये सरकारने झऱ्यांभोवतीची २६ चौरस किलोमीटर जागा राखीव करून टाकली. कॅनडाच्या पहिल्या राष्ट्रीय उद्यानाची सुरुवात ती. आज तेच क्षेत्र ६,६४१ चौरस किलोमीटर आहे. पाहुणे यावेत म्हणून रेल्वेने १८८८ मध्ये मोठं हॉटेल उघडलं. म्हणजे इथे पर्यटन आणि पार्क जुळ्या भावंडांसारखे वाढले, आणि जुळ्या भावंडांसारखेच भांडतात.

नाक्यानंतर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उंच जाळीचं कुंपण लागतं आणि थोड्या थोड्या अंतराने डोक्यावरून पूल जातात. त्यांवर माती आहे, झाडं आहेत, गाड्या नाहीत. एल्क, हरणं, लांडगे, अस्वलं यांना महामार्ग ओलांडायला बांधलेले पूल. शिवाय रस्त्याखालून कितीतरी भुयारी वाटा. कुंपण आणि हे पूल झाल्यापासून जनावरं गाड्यांखाली येण्याचं प्रमाण ऐंशी टक्क्यांहून अधिक घटलं. पाहुण्यांना मी या पुलाबद्दल आधी सांगत नाही. गाडीतल्या पोराने तो स्वतः बघून "हा कसला पूल?" असं विचारायला हवं.

सकाळी ९.२०

स्की भाड्याने देणारं दुकान. आत ओल्या मोज्यांचा आणि मेणाचा मिश्र वास. काउंटरमागचा मुलगा ऑस्ट्रेलियातून आलाय. तिकडे उन्हाळा लागला की अशी पोरं इकडे हिवाळा करायला येतात. मी त्याच्यासमोर सहापैकी पाच फॉर्म ठेवते.

तो काकांच्या फॉर्मवर बोट ठेवतो. वजन ६८, वय ६८. "हे खरं आहे?"

मलाही शंका होतीच. व्हिडिओ कॉलवर काका दिसले आहेत. त्या खुर्चीला ६८ किलोचा माणूस इतका भरत नाही.

इथे जरा थांबून सांगते, कारण माझ्या दिवसातलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच आहे. बूट ज्या खटक्याने स्कीला अडकतो त्याला बाइंडिंग म्हणतात. त्याला दोन उलटी कामं करायची असतात. घसरताना पाय घट्ट धरून ठेवायचा आणि पडताना सोडून द्यायचा. वेळेवर सोडला नाही, तर मीटर-दीड मीटर लांबीची फळी पायाला तरफेसारखी पिळते आणि गुडघा जातो. नको तेव्हा सोडला, तर उतारावर मध्येच स्की निघून जाते आणि माणूस तोंडावर. किती जोर आला की सोडायचं, हे एका स्क्रूवर ठरतं, आणि त्या स्क्रूचा आकडा एका तक्त्यातून येतो. वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी मिलिमीटरमध्ये, आणि स्की करणारा कोणत्या प्रकारचा: एक म्हणजे जपून करणारा, दोन म्हणजे मधला, तीन म्हणजे जोरात जाणारा. वय पन्नास किंवा पुढे असेल तर आकडा एक पायरी खाली, म्हणजे खटका लवकर सुटतो.

आता आपल्या लोकांचं काय होतं? बायका वजन कमी लिहितात आणि पुरुष कसब जास्त लिहितात. काका तेवढे अपवाद, त्यांनी वजनच कमी लिहिलं. गुलमर्गला तीन दिवस काढून आलेला माणूस डोळे झाकून "प्रकार तीन" वर खूण करतो. तीन म्हणजे खटका अधिक घट्ट. दोन हिवाळ्यांपूर्वी एका गृहस्थांनी तशी खूण केली. मी त्यांना ओळखत होते, त्यांचं स्कीइंगही बघितलं होतं, तरी फॉर्म जसाच्या तसा पुढे पाठवला. म्हटलं, मोठ्या माणसाला कशाला दुखवा. दुसऱ्या दिवशी सकाळी अगदी सोप्या उतारावर ते हळूच पडले, इतके हळू की मागच्या पोराला हसू आलं. स्की सुटली नाही. गुडघ्याचा अस्थिबंध फाटला आणि उरलेली सुट्टी कुबड्यांवर गेली. ते मला एका शब्दाने बोलले नाहीत, आणि तेच मला लागलं. तेव्हापासून माझ्या फॉर्मवर सगळ्यात वर, ठळक अक्षरांत, एकच ओळ आहे: वजन खरं सांगा.

बाकी मापं त्या मानाने सोपी. टाच भिंतीला टेकवून, उभं राहून, पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये. बसून मोजलं तर पाय आखूड भरतो, कारण उभं राहिल्यावर तो पसरतो. मोजे एकच जोडी, पातळ, गुडघ्यापर्यंत. थंडी वाजेल म्हणून दोन जोड्या घातल्या की बूट आवळतो, रक्त नीट फिरत नाही आणि पाय अधिकच गारठतो. हे मी आजवर किती जणांना सांगितलं त्याची गणती नाही, आणि ऐकलेल्यांची मात्र करता येईल. सुती बनियन नको, जीन्स तर नकोच. सूत घामाने आणि बर्फाने भिजतं आणि वाळत नाही.

मुलगा काकांचा फॉर्म बाजूला ठेवतो. "विचारून घे," म्हणतो. मी पुण्याला मेसेज टाकते. तिकडे रात्रीचे दहा वाजून गेलेत, उत्तर सकाळी येईल. त्यांच्या सकाळी.

सकाळी १०.५०

सनशाइन. महामार्ग सोडून आत आलेला रस्ता गोंडोलाच्या तळाशी संपतो. गाडी इथेच ठेवायची. वर गावात गाड्या जातच नाहीत. या रस्त्याच्या कडेला हिमस्खलनाच्या वाटा आहेत, म्हणून जागोजाग "थांबू नका" च्या पाट्या. कोथरूडच्या मुलाला मी बजावून ठेवलंय, फोटोसाठी इथे गाडी बाजूला घ्यायची नाही, दृश्य कितीही छान असलं तरी.

गोंडोलाला वीसेक मिनिटं लागतात. मधला थांबा गोट्स आय. डब्यात माझ्यासोबत दोन म्हातारे, सत्तरीच्या पुढचे, स्कीला जागोजाग चिकटपट्टी लावलेली. एक दुसऱ्याला सांगतो, यंदा खडक अजून वर दिसताहेत. हे मला कुठल्याही ॲपपेक्षा जास्त कळतं. नोव्हेंबरचा बर्फ पातळ असतो. फेब्रुवारीपर्यंत खडक झाकलेले असतील, ही कोथरूडसाठी चांगली गोष्ट.

वर वारा असा, की गॉगलची कड उघडी राहिली तर तिथली कातडी दोन मिनिटांत बधिर होते. मी नवशिक्यांच्या उताराशी जाऊन उभी राहते. जमिनीवरून सरकणारा पट्टा, त्याला मॅजिक कार्पेट म्हणतात. त्यावर उभं राहायचं आणि तो वर नेऊन सोडतो. पट्ट्यावर चार-पाच वर्षांची पोरं रांगेत, हेल्मेटमुळे सगळी मुंग्यांसारखी. शिकवणारी ओरडतेय, "पिझ्झा! पिझ्झा!" स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब, म्हणजे त्रिकोण, म्हणजे वेग कमी. स्की समांतर ठेवल्या की फ्रेंच फ्राइज, म्हणजे वेग. कोथरूडच्या छोटीला हे पाच मिनिटांत येईल. तिच्या वडिलांना दोन दिवस लागतील, कारण ते आधी समजून घ्यायचा प्रयत्न करतील.

इथली एक गंमत मी नातवासाठी राखून ठेवलीय. ग्रेट डिव्हाइड नावाची लिफ्ट अल्बर्टा प्रांतातून निघते, हवेतल्या हवेत ब्रिटिश कोलंबियात शिरते आणि पुन्हा अल्बर्टात येते. खाली पाणलोटाचा दुभाजक. एका बाजूला पडलेला बर्फ वितळून पॅसिफिककडे जातो, दुसऱ्या बाजूचा हडसनच्या उपसागराकडे. पोराने सह्याद्रीची पाणलोटरेषा शाळेत केलेली असणार. कोकणात पडलेला थेंब अरबी समुद्रात आणि घाटमाथ्याच्या अलीकडे पडलेला बंगालच्या उपसागरात, तेच हे.

खाली परतायला नवशिक्यांनी गोंडोलाच घ्यायचा. वरून पार्किंगपर्यंत स्कीवरून उतरायची एक वाट आहे, पण दिवसाच्या शेवटी, थकलेल्या पायांनी, सगळं गाव त्या एका अरुंद वाटेवर येतं. माझ्या वहीत दोनदा अधोरेखित: खाली गोंडोलानेच.

दुपारी १२.४५

गोंडोलाच्या तळाशी गाडीत बसून पोळीचा रोल, थर्मासमधला चहा. काच आतून धुरकटते. कॅल्गरीतल्या एका ओळखीच्या बाईंचा मेसेज: "नाताळाला बॅन्फमध्ये दोन खोल्या बघ ना, बजेट फार नाही." आज २५ नोव्हेंबर आहे. मी हसरा चेहरा पाठवते आणि पोळी संपवते.

दुपारी १.३०

बॅन्फ गाव. खोल्या का मिळत नाहीत हे त्या बाईंना समजावून सांगायचं तर मला पार्कचा कायदा उलगडावा लागेल. हे गाव राष्ट्रीय उद्यानाच्या पोटात आहे. जमीन केंद्र सरकारची, लोकांकडे ती भाडेपट्ट्याने. गावाची हद्द चार चौरस किलोमीटरच्या आत, ती वाढत नाही. इथे राहायचं तर तसं कारण लागतं: गावात नोकरी, गावात धंदा, किंवा अशा माणसाचं कुटुंब. पुण्या-मुंबईच्या कुणी कितीही पैसे टाकले तरी सुट्टीपुरतं घर घेऊन ठेवता येत नाही. दुकानं-हॉटेलं किती वाढू द्यायची यालाही मर्यादा. आणि डोंगरावर तर बघायलाच नको. पार्कमधल्या तीन स्की रिसॉर्टांपैकी थेट उतारावर राहायची सोय फक्त सनशाइनला, तीही एकाच लॉजमध्ये. युरोपात किंवा अमेरिकेत डोंगराच्या पायथ्याशी हॉटेलांचं अख्खं शहर उभं राहतं तसं इथे होऊ दिलेलं नाही. मागणी वाढत जाते, खाटा तेवढ्याच. म्हणून इथे लवकर बुकिंग करावं लागतं. कुणी हुशारी करून खोल्या दडवून ठेवलेल्या नाहीत.

मला हे पटतं का? पगाराच्या दिवशी कमी, बाकीचे दिवस पुष्कळ.

कोथरूडसाठी मी दोन खोल्यांचं एक घरगुती हॉटेल धरून ठेवलंय. मागच्या वर्षी दुसऱ्या एका हॉटेलने "स्वयंपाकघरासह" म्हणून दिलेल्या खोलीत एक बेसिन आणि एक मायक्रोवेव्ह निघाला होता. पाहुण्या आजींनी त्यात वरण शिजवायचा प्रयत्न केला, आणि मग धुराचा भोंगा वाजून सगळं हॉटेल पायजम्यात बर्फात उभं. तेव्हापासून मी स्वतः शेगडीचं बटण फिरवून बघते. आजही बघते. चारही शेगड्या तापतात. कुकर ठेवता येईल इतकी उंची आहे. खिडकीतून कॅस्केड डोंगर दिसतो, स्की रिसॉर्टांकडे जाणारी शटल बस दारापासून शंभर पावलांवर. पावलं मी मोजली. माझी, काकूंची एकशे तीस होतील.

कॅनमोरला, पार्कच्या बाहेर, याच पैशात मोठं घर मिळालं असतं. मुलाचा कल तिकडे होता. पण मग रोज गाडी काढायची, आणि स्की न करणारा माणूस दिवसभर अडकून पडतो. काकू बॅन्फमध्ये असतील तर पायी बाजारात जातील, गोठलेल्या बो नदीच्या काठाने फिरतील, अप्पर हॉट स्प्रिंग्जला जातील. तिथलं पाणी ३७ ते ४० अंश आणि वास गंधकाचा. काकूंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे वज्रेश्वरी." अगदी तेच. फक्त पोहण्याचे कपडे लागतील म्हटल्यावर त्यांनी विषय बदलला.

दुपारी ३.१०

कॅफेत खिडकीशी बसून आराखडा पक्का करते. मंगळवारी उतरणं, बुधवारी काही नाही. हे "काही नाही" मंजूर करून घ्यायला मला सगळ्यात जास्त भांडावं लागतं. साडेबारा तासांच्या फरकाने डोकं उलटं झालेलं असतं, अशा माणसाच्या पायाला स्की बांधू नये. गुरुवारी नॉर्क्वे, गावापासून दहा मिनिटांवर. तिथे अर्धा दिवस शिकवणी आणि नंतर टायरसारख्या रबरी ट्यूबवर बसून घसरणं, ते काकासुद्धा करतील. शुक्रवारी आराम. शनिवारी गर्दी, म्हणून डोंगर नको, गाव. रविवारी सनशाइन. सोमवारी लेक लुईस: मोठ्यांना उतार, काकूंना गोठलेला तलाव. तिन्ही डोंगरांना चालणारं एकच तिकीट मिळतं, पण नवशिक्यांना पहिल्या दिवशी त्याची गरज नाही. शिकवणी, सामान आणि छोट्या लिफ्टचं एकत्र पॅकेज स्वस्त पडतं. पूर्ण तिकीट मोठ्या माणसाला दिवसाला शंभर डॉलरच्या वरच जातं. जे वापरता येणार नाही ते मी विकत नाही. माझा साहेब याला धंदा न समजणं म्हणतो.

दुपारी ४.००

रोज चारला हिमस्खलनाचं बुलेटिन येतं आणि मी ते वाचते, पाहुणे कुणी रानात जाणार नसले तरी. कोथरूडच्या मुलाने काल एक रील पाठवली होती: एक माणूस कुणीच नसलेल्या उतारावरून मऊ बर्फ उडवत खाली येतोय, मागे संगीत. "असं एकदा करायचंय!"

या डोंगरांतला बर्फ फसवा. हवा कोरडी, थंडी कडक आणि सुरुवातीचा थर पातळ. खालची जमीन त्या मानाने उबदार, वरची हवा गोठलेली. या फरकाने तळाचे कण बदलत जातात आणि शेवटी साखरेसारखे सुटे दाणे होतात, एकमेकांना धरतच नाहीत. त्यावर जानेवारीत जाड थर बसतो. वरून सगळं घट्ट आणि पांढरंशुभ्र, खाली साखर. कुणीतरी मध्यावर पाय टाकतो आणि अख्खी लादी सुटते. रिसॉर्टच्या दोरीच्या आत गस्तीपथक रोज पहाटे उतार तपासतं, गरज पडली तर स्फोट करून बर्फ आधीच पाडून टाकतं. दोरीच्या बाहेर ते कुणी करत नाही. सनशाइनचाच डिलिरियम डाइव्ह नावाचा कडा आहे. तिथे अंगावर ट्रान्सीव्हर, पाठीवर फावडं आणि शोधकाठी, आणि सोबतीला माणूस, हे सगळं असल्याशिवाय फाटकातून आतच सोडत नाहीत.

मी त्याला लिहिते: रील छान आहे. दोरीच्या आत राहायचं.

संध्याकाळी ४.४०

सूर्य डोंगरामागे. परतीच्या रस्त्यावर कुंपणापलीकडे चार एल्क, मान खाली, बर्फ उकरून गवत शोधताहेत. गाडी थांबवत नाही. घरी पोचेपर्यंत साडेसहा. मुगाची खिचडी, लोणचं. नाताळवाल्या बाईंना फोन करून कॅल्गरीपासून तासाभरावरच्या, पार्कबाहेरच्या डोंगरावर एक दिवसाची सहल पटवते. त्यांना ते बॅन्फच हवं होतं, पण "बजेट फार नाही" हे माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त माहीत आहे.

रात्री ८.४०

कोथरूडमध्ये सकाळचे नऊ दहा. मुलगा गाडीत, ऑफिसच्या वाटेवर. हॉटेल, तारखा, बुधवारचं "काही नाही", सगळं मंजूर. काकांच्या वजनाचं काय? "बाबा म्हणतात ८३. गेल्या वर्षीच्या रिपोर्टवरून लिहिलं होतं म्हणे." कुठल्या वर्षीच्या, ते मी विचारत नाही. ८३ लिहिते. वयाची एक पायरी खाली. प्रकार एक.

लॅपटॉप मिटते. दिवा घालवणार तेवढ्यात फोन उजळतो. नवा नंबर, पुण्याचा. फोटोत तुळशीवृंदावन.

"मी काकू. ह्यांच्यासमोर बोलता येत नाही म्हणून लिहिते. वजन ६७. उंची पाच फूट एक. पाऊल २३ सेंमी, भिंतीला टाच लावून उभं राहून मोजलं. वय तुमच्याकडे आहे. मोजे एकच जोडी ना?"

मी वही उघडते. "काकू – नाही" वर काट मारते आणि पाच फूट एकचे सेंटिमीटर करत बसते.